काळ्या मातीवरचं अंगण: पेव्हर ब्लॉक दुसऱ्यांदा बसवून घेतले त्याचा अनुभव

पावसाळ्यात आमच्या अंगणात ब्लॉकवर पाय ठेवला की शेजारच्या फटीतनं चिखलाची पिचकारी उडायची. साडीचा काठ, पोरांचे शाळेचे पांढरे मोजे, गाडीचा दरवाजा, सगळं काळं. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. यंदा उन्हाळ्यात अख्खं अंगण उकरून परत करून घेतलं, त्यावरनं एक पूर्ण पावसाळा गेला, दसरा झाला, आणि आता लिहायला बसलेय. आधी लिहिण्यात अर्थ नव्हता कारण ब्लॉक बसवल्या दिवशी सगळ्यांचंच अंगण छान दिसतं, पहिल्या वेळी आमचंही दिसलं होतं, फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते.

आधी जागा सांगते, कारण जागेवरच सगळं अवलंबून आहे. आमचं घर सांगलीत शामरावनगरच्या बाजूला, खाली निव्वळ काळी माती. मे महिन्यात या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जूनमध्ये पाणी पिऊन तीच जमीन फुगून वर येते. गेटपासून जिन्यापर्यंत ६२० चौरस फूट अंगण, त्यात एक कार, दोन गाड्या, मध्यावर तुळशीवृंदावन, कोपऱ्यात आंबा. घराच्या मागे परड्यात १४० फुटांचा ओटा, तिथं धुणंभांडी आणि संध्याकाळी बसायला. घरात माझे सासरे, मामंजी, वय ७८, काठी घेऊन चालतात.

पहिलं काम ज्यांनी केलं त्यांचं नाव लिहिणार नाही, पण काम कसं केलं ते लिहिते. एका ओळखीतनं आलेले ठेकेदार होते, दर ४२ रुपये चौरस फूट, आजूबाजूच्यांपेक्षा कमी, त्यामुळे आम्ही लगेच हो म्हणालो. दोन दिवसांत काम संपलं. वरची चार बोटं माती खोऱ्यानं ओढून सपाट केली, त्यावर क्रशरचा कच, म्हणजे खडी फोडताना पडणारा बारीक चुरा, पसरला, कचावर ब्लॉक मांडले, कडेला सिमेंट-वाळूचा माल लावून घेतला आणि फटीत सिमेंटचं पाणी ओतलं. रोलर नाही, मुरूम नाही, काही नाही. मी विचारलं होतं की खाली अजून काही टाकायचं नसतं का, तर म्हणाले ताई ब्लॉक एकमेकांत लॉक होतात, काय होत नाही. ऑगस्टपर्यंत कारच्या दोन्ही चाकांखाली लांबच्या लांब दोन चऱ्या पडल्या, कडेचा माल तुटून ब्लॉक बाहेर सरकले, आणि घराच्या बाजूला पाणी साचून प्लिंथला, म्हणजे जोत्याला, ओल यायला लागली. फोन केला की "पाऊस उघडू दे, येतो". पाऊस उघडला, दिवाळी झाली, ते काही आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी मामंजींची काठी एका हललेल्या ब्लॉकच्या कडेत अडकली आणि ते तुळशीपाशी पडले. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हात बरा झाला पण त्यांनी अंगणात उतरणंच सोडलं, सकाळी दारातूनच तुळशीला हात जोडायचे. ते बघून फार वाईट वाटायचं. अंगण म्हणजे त्यांच्या वयाच्या माणसाचं सगळं जग असतं हो, तिथंच ऊन, तिथंच पेपर, तिथंच येणारा-जाणारा.

यंदा मार्चमध्ये ठरवलं की करायचं. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट कळली जी मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवी होती. जुने ब्लॉक उचलून बघितले तर शंभरातले नव्वद ब्लॉक धडधाकट होते! ना तडा, ना झीज. आम्ही तीन वर्षं ब्लॉकला नावं ठेवत होतो, कंपनी बदलायला हवी होती, महागाचा घ्यायला हवा होता, आणि ब्लॉकचा काही दोषच नव्हता. खालचा कच मातीत मिसळून त्याचं काळं लोणी झालेलं, बोटानं उचललं तर चिकटून येत होतं. गाडीचं वजन आलं की ते वर फटीत घुसायचं, त्याचीच ती पिचकारी.

आता मटेरियलचं. आम्ही चार गोष्टींचा विचार केला. पहिली पार्किंग टाइल, दिसायला सुंदर, झाडायला सोपी, पण तिला खाली काँक्रीटचा बेड लागतो आणि काळ्या मातीवर तो बेड नीट केला नसेल तर जमीन फुगली की तडकतो, वर टाइलही तडकते. शिवाय पावसात शेवाळ धरलं की तिच्यावर उभं राहणं अवघड, आणि घरात काठीवाला माणूस. ती गेली. दुसरं ट्रिमिक्स, म्हणजे ओतल्यावर मशीननं जादा पाणी ओढून घेतलेलं काँक्रीट, किंवा छाप मारलेलं काँक्रीट. त्यालाही तीच जमिनीची अडचण, आणि दुसरं म्हणजे आमची ड्रेनेजची लाइन अंगणाखालनं जाते, उद्या ती तुंबली तर ब्रेकर लावून फोडायचं आणि मग ठिगळ आयुष्यभर बघायचं. ब्लॉक असला तर उचलायचा, काम करायचं, तोच परत बसवायचा. या एका कारणासाठी मी ब्लॉकच्या बाजूनं आहे. तिसरा जांभा, माझ्या मावशीकडे रत्नागिरीला सगळं अंगण जांभ्याचं आहे आणि मला ते फार आवडतं, पण तो तिथं पायाखाली निघणारा दगड आहे, घाट चढवून सांगलीला आणायचा म्हणजे भाडंच दगडापेक्षा जास्त. चौथी शहाबादी फरशी, तिच्याबद्दल पुढं लिहिते कारण ती आम्ही मागच्या ओट्याला घातली. पुढच्या अंगणाला मात्र नाही, कारण सव्वा इंची फरशीखाली जरा कुठं पोकळ राहिलं आणि चाक गेलं की ती मधनं मोडतेच.

ठेकेदार चार जणांना बोलावलं. आधी तिघांचं सांगते. पहिल्यानं गेटातूनच नजर टाकली आणि ५५ रुपये म्हणाला. दुसरा ६८. तिसरा येतो येतो म्हणून आलाच नाही. मी दोघांनाही म्हटलं की खाली काय काय टाकणार ते एका कागदावर इंचात लिहून द्या. ५५वाल्यानं लिहून दिलं नाही. ६८वाल्यानं लिहिलं, "कच ३ इंच, ब्लॉक". मी म्हटलं खोदाई, मुरूम, रोलर धरून सांगा, तर त्याचाच दर १०५ झाला. म्हणजे ६८ आणि १०५ हे एकाच कामाचे दोन दर नव्हतेच, ती दोन वेगळी कामं होती. कोटेशन हातात घेतल्यावर आधी हे बघा की दोघं एकाच कामाचा दर देतायत का, नाहीतर स्वस्त-महाग ठरवण्यात काही अर्थ नाही.

चौथे ठेकेदार मिरजेकडचे. त्यांचंही नाव लिहीत नाही, तुमच्या गावाला त्यांचा उपयोग नाही आणि त्यांची दोन वाक्यं जास्त उपयोगाची आहेत. आल्यावर त्यांनी दराचं काही काढलंच नाही. पहिला प्रश्न, "ताई, आत कुठली कुठली गाडी येते?" मी म्हटलं कारच की. "सेफ्टी टँक उपसायला गाडी कुठं लावता?" ती गेटातून आत येते, वर्षा दोन वर्षातनं एकदा, आणि उन्हाळ्यात कधीतरी पाण्याचा टँकरही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग दुसरा प्रश्न, "पावसाचं पाणी शेवटी जातंय कुठं?" आणि मग ते पारदर्शक लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून, एक टोक माझ्या मिस्टरांच्या हातात देऊन, प्लिंथपासून गेटपर्यंत सगळीकडे खडूच्या खुणा करत फिरले. अर्धा तास. तेव्हा कळलं की जुनं अंगण घराकडेच दोन इंच उतरतं होतं, म्हणजे सगळ्या अंगणाचं पाणी आम्ही स्वतःच्या भिंतीत सोडत होतो.

त्यांचा दर ११२ रुपये, ६२० फुटांचे ६९,४४० झाले, आणि कडेचे कर्ब, म्हणजे ब्लॉक सरकू नयेत म्हणून कडेला गाडायचे दगड, वेगळे, ६४ रनिंग फूट, १४० रुपयांनी ८,९६०. एकूण ७८,४००. आमच्या बजेटच्या बाहेर होतं हे खरं, मागच्या ओट्याचे पैसे वेगळेच. पण पहिल्या वेळचे २६,०४० पाण्यात गेले होते, ते धरले तर स्वस्त काम आम्हाला किती महागात पडलं ते दिसतंच आहे. अट मी घातली, दहा टक्के म्हणजे ७,८४० रुपये दसऱ्याला मिळतील, पावसाळा बघून. ते लगेच हो म्हणाले. ६८वाल्याला हीच अट सांगितली होती तर त्यानं परत फोन उचलला नाही.

ब्लॉक निवडायला ते आम्हाला दोन ठिकाणी घेऊन गेले आणि म्हणाले तुम्हीच बघा. बाजारात दोन तऱ्हेचे असतात. एक रबर मोल्डचे, साच्यात ओतून टेबलावर हलवून केलेले, वरनं चकाकतात, रंग एकदम उठून दिसतो. दुसरे हायड्रॉलिक प्रेसवर दाबून केलेले, वरनं खरबरीत, मंद रंगाचे. सगळेच मोल्डचे वाईट आणि सगळेच प्रेसचे चांगले असं नसतं, शेवटी सिमेंट किती घातलं आणि पाणी किती दिवस मारलं यावर आहे. पण घरात म्हातारं माणूस असेल तर खरबरीतच घ्या, ओल्यात पाय सरकत नाही.

मी दोन्हीकडचा एकेक नमुना घरी आणला. दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवले, मग आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर वजन केलं, मग एक पूर्ण दिवस बादलीत बुडवून ठेवले, फडक्यानं वरचं पाणी टिपून परत वजन. प्रेसचा ८० एमएमचा कोरडा ३ किलो ७२०, ओला ३ किलो ८८०, म्हणजे १६० ग्रॅम पाणी प्यायला, शंभराला सव्वाचार. चकाकणारा ६० एमएमचा कोरडा २ किलो ६४०, ओला २ किलो ८७०, शंभराला पावणेनऊ. पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक आहे, आयएस १५६५८, त्यात सरासरी पाणी शोषण सहा टक्क्यांच्या वर चालत नाही. माझं मोजमाप घरगुती आहे, लॅबमध्ये भट्टीत वाळवून करतात त्यामुळे तिथला आकडा जास्तच येईल, पण दोन ब्लॉकमधला फरक कळायला किराणावाल्याचा काटा पुरतो. मग दोन्ही ब्लॉक हातोडीनं फोडले. प्रेसच्याचा छेद बारीक, घट्ट, खडी मधनं फुटलेली. दुसऱ्यात खडी अख्खीच्या अख्खी सुटून बाहेर आली आणि तिच्या जागी खळगा राहिला. माझ्या मुलीनं, ती पाचवीत आहे, तो खळगा बोटानं उकरला तर चक्क भुगा पडला.

त्याच मानकात जाडी आणि ताकदही दिलेली आहे (एम-३० वगैरे हे काँक्रीटच्या ताकदीचे दर्जे), चालायच्या जागेला ५० एमएम एम-३०, हलक्या वाहनांना ६० एमएम एम-३५, आणि मध्यम वाहतुकीला ८० एमएम एम-४०. नुसती कार असती तर ६० पुरलं असतं. आमच्याकडे टँकर येतो म्हणून ८०, दरात फरक फक्त सात रुपये पडला. आकार साधा विटेसारखा, ८ इंच बाय ४ इंच. दुकानात झिगझॅग, डंबल, कॉस्मिक असे बरेच होते पण साध्या विटेचा फायदा असा की तो आडवा-उभा विणल्यासारखा मांडता येतो, चटईच्या विणीसारखा, आणि ब्रेक मारल्यावर चाक ब्लॉकला पुढं ढकलतं तेव्हा ती वीण ओळ सरकू देत नाही. तुटला तर तोच आकार कुठंही परत मिळतो हे पण आहे. एकूण २,९०० च्या आसपास ब्लॉक लागले, वजन दहा टनाच्या वर, गल्लीत ट्रक दोन खेपांत आला.

काम एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालं. सव्वा फूट खोदलं. पहिल्या दिवशी अंगणाचा खड्डा बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं विहीर काढतेस का. पावणेआठ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) काळी माती निघाली, ती ट्रॉलीनं एका शेतात गेली. आंब्याच्या बुंध्याभोवती तीन फूट सोडून आळं ठेवलं, मुळं तोडायची नाहीत हे मी आधीच बजावून सांगितलं होतं आणि त्यांनी तिथं हातानं, कुदळ न मारता, माती काढली. तळाला जाडसर पांढरं जिओ कापड अंथरलं, म्हणजे काळी माती वर मुरमात चढत नाही. त्यावर मुरूम सहा इंच, दोन थरांत. मुरूम आल्यावर त्यांनी एक घमेलं बाजूला काढून पाणी ओतलं, पायानं मळलं आणि मला दाखवलं, चिखल झाला नाही, खडा खडाच राहिला. पहिली ट्रॉली पिवळट मऊ आली होती, तिची अशीच परीक्षा केली तर शेणासारखी झाली, ती त्यांनी परत पाठवली. मी समोर उभी होते म्हणून पाठवली की एरवीही पाठवली असती कुणास ठाऊक, पण पाठवली. प्रत्येक थराला पाणी आणि छोटा रोलर, रोलर जाताना जमीन दबायची थांबली की मगच पुढचा थर. मग खडी आणि क्रशचं मिश्रण पाच इंच, परत रोलर. उतार याच थरात काढला, दहा फुटाला अडीच इंच, घराकडनं गेटकडे. हे महत्त्वाचं आहे, बरेच जण खालचे थर सपाट ठेवतात आणि वरच्या वाळूत उतार काढतात, मग वाळू एका टोकाला एक इंच आणि दुसऱ्या टोकाला चार इंच होते आणि जिथं चार तिथं ब्लॉक बसतोच.

पाचव्या दिवशी कर्ब. दोन्ही बाजूंना आणि गेटाच्या तोंडाला कर्बचे दगड काँक्रीटमध्ये पक्के गाडले आणि दोन दिवस काम थांबवून पाणी मारलं. पहिल्या वेळी कडेला नुसता मालाचा पट्टा होता. ब्लॉकचं अंगण म्हणजे गच्च भरलेली पेटी, पेटीची भिंत पडली तर आतलं सगळं सैल, एवढंच आहे ते.

वाळूवर आमची थोडी वादावादी झाली. त्यांनी आणलेली क्रश सँड मला बारीक पिठूळ वाटली. मी लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणली, निम्मी वाळूनं भरली, वर पाणी, हलवून ठेवली. तासाभरानं वाळूवर बोटभर राखाडी गाळाचा थर. म्हटलं हे तेच लोणी होणार. ते म्हणाले ताई एवढं तर असतंय. पण दुसऱ्या दिवशी धुतलेली क्रश आणली, ब्रासमागे पैसे जरा जास्त गेले, ते आम्ही दिले. बरणीत थर जेमतेम रेघेएवढा. ती वाळू तीस एमएम, दोन पाइप ठेवून त्यावर पट्टी ओढून एकसारखी केली, आणि त्यावर कुणालाही पाय ठेवू दिला नाही, मांडलेल्या ब्लॉकवरच उभं राहून पुढचे ब्लॉक मांडत गेले. सिमेंट कुठंही नाही. फटी दोन-तीन एमएमच्या, त्यात फुलबारीक कोरडी वाळू झाडूनं भरली, प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरून दाबणारं मशीन, फिरवला, वाळू खाली बसली, परत झाडू, परत मशीन. तीन वेळा. फट सिमेंटनं भरली की ती पहिल्याच हालचालीत तडकते आणि पाणी आत घेते, वाळू मात्र ब्लॉकबरोबर हलते आणि परत बसते.

तुळशीवृंदावनाभोवती कटिंग होतं. ते कटरनं, पाणी सोडून कापलं, आणि अगदी चिमूटभर तुकडा लागत असेल तर त्याच्या शेजारचाही ब्लॉक कापून दोन बऱ्या मापाचे तुकडे केले. पहिल्या वेळी छिन्नीनं फोडलेले दातेरी तुकडे होते आणि त्यांच्या मध्ये भोकं मालानं भरलेली. मामंजी खुर्ची दारात घेऊन दोन दिवस हे बघत होते. ते निवृत्त व्हायच्या आधी साखर कारखान्यात फिटर होते, त्यांना मापाचं काम बघायला आवडतं.

निघालेले जुने ६० एमएमचे ब्लॉक फेकले नाहीत. घराच्या बाजूच्या बोळात, जिथं फक्त माणसं चालतात, तिथं मुरमावर बसवून घेतले, त्याची वेगळी मजुरी चार हजार. छान झालंय.

आता मागचा ओटा. तिथं शहाबादी, पॉलिश न केलेली, दोन बाय दोनची. हा चुनखडीचा दगड, कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादकडचा, आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत, शाळेत, रेल्वे स्टेशनवर सगळीकडे हाच. माझं माहेरचं स्वयंपाकघर शहाबादीचं होतं, उन्हाळ्यात दुपारी आम्ही त्यावर काही न अंथरताच झोपायचो. फरशी घेताना प्रत्येक फरशी उभी धरून बोटाच्या पेरानं वाजवून बघायची, खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर आत चीर आहे. शंभर फरश्यांत जाडी सारखी नसते, इंच ते दीड इंच येते, त्यामुळे गवंडी हळू बसवणारा लागतो, खालचा माल पूर्ण भरायला हवा. आमच्याकडे तीन फरश्या पोकळ वाजल्या त्या दुसऱ्या दिवशी काढून परत बसवल्या. आणि एक सांगते, या फरशीवर ॲसिड कधी मारू नका. बसवल्यावर सांडलेलं सिमेंट काढायला गवंडी सर्रास ॲसिड मारतात, सिमेंटबरोबर दगडही खातं. लिंबाचा थेंब टाकून बघा, बारीक फेस येतो. आमच्या ओट्यावर चिंचेच्या कोळाचं पातेलं सांडलं तर तिथं पांढरट डाग पडलाय, तो जात नाही. मला त्याचं काही नाही वाटत, पण ज्यांना डाग चालत नाहीत त्यांनी मोरीजवळ ही फरशी घालू नये.

उंबऱ्यासमोर पण एक मोठी शहाबादी घातली, अडीच बाय अडीच, रांगोळीसाठी. ब्लॉकच्या कडा तासलेल्या असतात, रांगोळीची रेघ प्रत्येक फटीत तुटते. हे आधी कुणी सुचवत नाही.

तक्रारी आहेतच. नऊ दिवस म्हणाले होते, तेरा लागले, मधे दोन दिवस त्यांची माणसं दुसऱ्या साइटवर गेली आणि फोन बंद. खड्डा उघडा असताना एकदा वळवाचा पाऊस आला आणि चिखल काढण्यात अर्धा दिवस गेला, मेनकापड आणून ठेवायला हवं होतं. कटिंगची धूळ शेजारच्यांच्या गाडीवर बसली, ती गाडी आम्ही धुऊन दिली. बिल मागितल्यावर ब्लॉकचं पक्कं बिल दिलं पण मजुरीचं साध्या वहीच्या कागदावर. आणि महिनाभरानं लाल ब्लॉकवर पांढरी भुकटी आली, लोणा आल्यासारखी, मी घाबरून फोन केला. त्यांनी सांगितलं सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, काही लावू नका, पावसात जाईल. गणपतीपर्यंत बहुतेक गेली, फक्त गेटच्या छज्जाखाली, जिथं पाऊस पडत नाही, तिथं अजून थोडी आहे.

पाऊस यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासनं चांगला झाला. पहिल्या मोठ्या पावसात रात्री अकरा वाजता मी आणि मिस्टर बॅटरी घेऊन व्हरांड्यात उभे. पाणी घराकडे न येता सरळ गेटाकडे वाहत जाऊन जाळीत पडत होतं, दहा मिनिटांत पाऊस थांबला आणि अंगणात कुठंही डबकं नाही. प्लिंथची ओल या वर्षी आलेली नाही. जुलैत सेफ्टी टँकची गाडी आत आली, मी चाकांखाली बघतच होते, ब्लॉक हलला नाही. आंब्याच्या आळ्याजवळ मात्र एका ठिकाणी अर्धा इंच खचलंय, तिथं रोलर पोचला नव्हता, धुम्मस मारून घेतलं होतं, ते कमी पडलं.

दसऱ्याला ठेकेदार आपट्याची पानं घेऊन आले. ती जागा दाखवली. बसून दोन स्क्रू ड्रायव्हरनी एक ब्लॉक वर काढला, मग सात-आठ काढले, खालची वाळू आम्ही दोघांनीही हातात घेऊन बघितली, ओलसर होती पण वाळूच होती, काळं काही नव्हतं. भर घातली, ठोकलं, तेच ब्लॉक परत बसवले, फटीत कोरडी वाळू झाडली. पाऊण तास. पैसे मागितले नाहीत. मी ७,८४० चं पाकीट दिलं आणि मामंजींनी त्यांना खुर्ची दिली, अंगणात, तुळशीजवळ. आता रोज सकाळी ते काठी टेकत तिथपर्यंत जातात आणि पाणी स्वतः घालतात.

जास्तीचे ब्लॉक मी मुद्दाम ठेवून घेतलेत, एकाच लॉटचे, कारण पुढच्या लॉटचा लाल रंग जुळेलच असं नाही. चाळीस आहेत, जिन्याखाली रचून, वर गोणपाट टाकून.